सेवेची साक्ष : धार आणि देवास

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही दोन नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पहिल्या बाजीरावाच्या काळात मराठ्यांची सत्ता माळव्यात रुजली आणि पवारांच्या घराण्याने या दोन्ही ठिकाणी आपल्या गाद्या स्थापन केल्या. दुसरा बाजीराव जन्मला तो धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या थोरल्या व धाकट्या पाती एकाच नगरात शेजारी शेजारी नांदल्या. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हा सारा मुलूख मध्यप्रदेशाचा भाग आहे. धार-देवासच्या राजघराण्यांचा हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु याच परिसरात दुसराही एक इतिहास घडला आहे. दरबारी कागदपत्रांत त्याचा फारसा पत्ता लागत नाही. कारण तो दवाखान्याच्या ओसरीवर, दुष्काळातील अनाथांच्या पंगतीत आणि डोंगराआडच्या पाड्यांवर घडला. ख्रिस्ती सेवेचा तो इतिहास आहे.

या सेवेविषयी आपल्या देशात फार जुना वाद आहे. ख्रिस्ती मंडळी दवाखाने काढतात, शाळा चालवितात, महारोग्यांची शुश्रूषा करतात. पण हे सारे धर्मांतरासाठी टाकलेले आमिष आहे, असे एक पक्ष म्हणतो. ही केवळ भूतदया आहे, तिच्यामागे दुसरा काहीच हेतू नाही, असे दुसरा पक्ष उत्तर देतो. दोन्ही विधाने ऐकावयास सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. ख्रिस्ती माणूस सेवा करतो ती आपल्या श्रद्धेमुळेच करतो, हे त्याने लपविण्याचे कारण नाही. आणि गरजवंताच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याची श्रद्धा विकत घेणे हे पाप आहे, हेही त्याने विसरता कामा नये. या दोन सत्यांमधली वाट कोठून जाते, याचा शोध तर्कापेक्षा इतिहासात अधिक चांगला लागतो. त्यासाठी धारची एक डॉक्टरीण आणि देवास जिल्ह्यातील एक धर्मभगिनी यांची चरित्रे पाहण्यासारखी आहेत. एक प्रेस्बिटेरियन, दुसरी कॅथलिक; एक कॅनडातून आलेली, दुसरी केरळातून; आणि दोघींच्या कार्यात सुमारे शंभर वर्षांचे अंतर.

कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने इंदूर येथे आपले काम १८७७ साली सुरू केले. तेथे उघड्यावर उपदेश करण्यावरून होळकर दरबाराशी त्याचे खटके उडाले. उपदेशकाला जेथे दार बंद होते, तेथे स्त्री-डॉक्टरला मात्र ते उघडले जाई. त्या काळी घरंदाज स्त्रिया, मग त्या हिंदू असोत की मुसलमान, परपुरुष वैद्यापुढे येत नसत. बाळंतपण सुइणीच्या हाती असे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे मूल धनुर्वाताने दगावे आणि सूतिकाज्वराने आई जाई. शिकलेली स्त्री-डॉक्टर तर देशात शोधूनही सापडणे कठीण होते. महाराष्ट्राची आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवून परत आली आणि पुढच्याच वर्षी क्षयाने निवर्तली. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांचा निधी सुरू झाला तोही १८८५ मध्येच. अशा दिवसांत, १८८४ साली एलिझाबेथ बीटी आणि १८८६ साली मॅरियन ऑलिव्हर या कॅनेडियन डॉक्टरिणी इंदुरास आल्या. त्यांच्या मागोमाग १८९१ मध्ये डॉ. मार्गारेट ओहारा आल्या.

ओहाराबाईंचे वैद्यकीय शिक्षण कॅनडातील किंग्स्टन येथे झाले. तेथील क्वीन्स विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनींना पुरुष विद्यार्थ्यांनी इतका विरोध केला, की १८८३ साली स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय महाविद्यालय काढावे लागले. पाश्चात्त्य देशांत स्त्रीशिक्षणाची वाट मोकळी होती आणि हिंदुस्थानातच तेवढी ती अडलेली होती, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्या संघर्षाच्या छायेत शिकून १८९१ साली ओहाराबाईंनी पदवी घेतली आणि त्याच वर्षी त्या हिंदुस्थानात आल्या. १८९५ मध्ये मिशनने धार येथे ठाणे उघडले तेव्हा त्यांची तेथे नेमणूक झाली. धारच्या दरबाराने मिशनला जागा दिली. ख्रिस्ती डॉक्टरणीच्या दवाखान्याला मराठा हिंदू राजाने जमीन द्यावी, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या समजूतदारपणाची द्योतक आहे. राजाला प्रजेसाठी वैद्यक हवे होते आणि डॉक्टरणीला काम करण्यास जागा हवी होती. पुढे हा दवाखाना रुग्णालयाच्या रूपाने वाढला. त्याच्याबरोबर धारेत महारोग्यांसाठी आश्रयस्थानही उभे राहिले.

महारोग्यांची सेवा म्हणजे त्या काळी काय होते, हे आज समजणे अवघड आहे. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. डॅप्सोनसारखी परिणामकारक औषधे १९४०च्या दशकात आली. तोपर्यंत चालमोगरा तेलावर भिस्त होती आणि त्याचा गुण बेताचाच येई. म्हणजे महारोग्यांची शुश्रूषा करणाऱ्याला रोगी बरा झाल्याचे समाधानही मिळत नसे. जखमा धुवाव्यात, पट्ट्या बांधाव्यात, घरादाराने टाकलेल्या माणसाला निवारा आणि अन्न द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे, एवढेच हाती होते. ओहाराबाई १९२७ पर्यंत या देशात राहिल्या. आपल्या आठवणी त्यांनी पुढे, १९३१ साली, 'लीफ ऑफ द लोटस' या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. एका माणसाच्या कर्तेपणाची छत्तीस वर्षे ही काही थोडी नव्हेत.

या सेवेबरोबर धर्मोपदेश होत असे का? होत असे, आणि उघडपणे होत असे. त्या काळच्या मिशन दवाखान्यांची रीतच तशी होती. सकाळी प्रार्थना होई, मग तपासणी सुरू होई. रुग्ण ओसरीवर वाट पाहत बसलेले असताना एखादी 'बायबलबाई' त्यांना शुभवर्तमानातील गोष्टी सांगे. मिशनच्या मते औषध आणि उपदेश ही एकाच दयेची दोन अंगे होती. आज आपल्याला ही पद्धत खटकते. आणि ती खटकणे योग्यच आहे. वेदनेने कळवळणारा माणूस ऐकण्याचे नाकारू शकत नाही, आणि जेथे नकार देता येत नाही तेथे होकाराला किंमत उरत नाही. परंतु याबरोबरच दुसरी गोष्टही नमूद केली पाहिजे. बहुसंख्य रुग्णांनी गोष्टी ऐकल्या, औषध घेतले, डॉक्टरणीला दुवा दिला आणि आपला देव्हारा होता तसाच ठेवून ते घरी गेले. औषध मात्र त्यांना मिळत राहिले. माणसे धर्म बदलत नाहीत म्हणून दवाखाना बंद झाला नाही. आमिष असते तर मासा गळाला लागत नाही हे पाहून कोळ्याने गळ केव्हाच गुंडाळला असता.

याहून कठीण प्रश्न दुष्काळाने उभा केला. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ माळवा आणि राजस्थान आजही 'छप्पनिया' या नावाने ओळखतात. माळवा हा सुकाळाचा प्रांत म्हणून प्रसिद्ध; पण त्या वर्षी तेथेही पाऊस गेला. पाठोपाठ पटकी आणि हिवताप आले. १८९१ च्या मानाने १९०१ च्या जनगणनेत धार संस्थानची लोकसंख्या घटलेली आढळते. सर्वांत अधिक होरपळले ते डोंगराळ भागातील भिल्ल. आईबाप गमावलेली मुले मिशनांनी गोळा केली, त्यांना वाढविले, शिकविले, हस्तव्यवसाय लावून दिले. ही मुले अर्थातच ख्रिस्ती संस्कारांत वाढली आणि माळव्यातील ख्रिस्ती मंडळींची संख्या त्यांच्यामुळे वाढली. या मुलांचे प्राण वाचविणे हे पुण्यकर्म होते, यात संशय नाही. पण त्यांच्या श्रद्धेची निवड त्यांनी केली नव्हती, हेही तितकेच खरे. ज्या समाजातून ती आली, त्या समाजाला आपली मुले दोनदा गमावल्यासारखे वाटले असेल तर त्याचा राग करता येत नाही. टीकाकारांच्या आक्षेपात जे तथ्य आहे ते येथे आहे आणि प्रामाणिक ख्रिस्ती इतिहासकाराने ते मान्य केले पाहिजे.

हाच वाद महाराष्ट्रातही रंगला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. काही विद्यार्थिनींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे आहे असे दिसताच गहजब झाला, 'केसरी'ने कोरडे ओढले आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. तथापि याच शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही हिंदूच राहिली आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. एका ख्रिस्ती स्त्रीने दिलेल्या शिक्षणाचा लाभ हिंदू समाजाला असा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीसदनाचा विस्तार त्यातूनच झाला. तेथेही तेच पुण्य आणि तोच प्रश्न.

पुढे महात्मा गांधींनी या प्रश्नावर आपले मत स्पष्टपणे मांडले. मिशनऱ्यांच्या सेवेचा त्यांना आदर होता. पण ती सेवा धर्मांतराच्या हेतूपासून मुक्त असावी असे त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही होते. १९५६ च्या अहवालात समितीने शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो असा ठपका ठेवला. धार व देवास तेव्हा मध्यभारतात असल्यामुळे समितीच्या कक्षेत आले नव्हते. पण नव्या मध्यप्रदेशाबरोबर हा वादही त्यांच्या वाट्यास आला. १९६८ साली राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा करून बळ, प्रलोभन व फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला आणि आपला धर्म समजावून सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. २०२१ साली जुन्या कायद्याच्या जागी अधिक कडक कायदा आला.

इकडे ख्रिस्तसभेतही आत्मपरीक्षण चालू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. धर्मप्रसारात बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मनधरणीचा लवलेशही नसावा, आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर ही खबरदारी विशेष घ्यावी, असे त्यात बजावले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या नाताळची तारीख असलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात याच विचाराची पुढची पायरी गाठली. परोपकाराचा उपयोग धर्मप्रसाराचे साधन म्हणून करता येणार नाही. प्रेम निरपेक्ष असते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा मौन राखून प्रेमालाच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट काळजीपूर्वक वाचली तर हेच दिसते. वाटेवर घायाळ पडलेल्या परजातीच्या माणसाला तो उचलतो, त्याच्या जखमा बांधतो, धर्मशाळेच्या मालकाला खर्चाचे पैसे देतो आणि पुढच्या प्रवासाला निघतो. त्या जखमी माणसाचा धर्म त्याने विचारल्याचा किंवा बदलल्याचा उल्लेख त्या गोष्टीत कोठेही नाही.

या बदललेल्या दृष्टीचे आचरणातील रूप पाहावयाचे तर धारहून देवास जिल्ह्यात गेले पाहिजे. देवास नगरात नव्हे, तर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात, उदयनगरला. भोवताली बारेला, भिलाला, कोरकू अशा आदिवासी वस्त्या आहेत. येथील दुःख औषधाने बरे होणारे नव्हते. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी कर्ज काढावे, कोऱ्या कागदावर अंगठा उमटवावा, सुगीला धान्य सावकाराच्या घरी घालावे आणि पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे, असे हे चक्र होते. सरकारच्या योजना कागदावर होत्या आणि बँकाही होत्या. परंतु अर्ज कसा करावा हे आदिवासींना ठाऊक नव्हते आणि ते सांगण्यात कोणाला स्वारस्यही नव्हते.

१९९२ साली सिस्टर राणी मरिया तेथे आल्या. त्यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्यांनी १९७४ साली व्रते घेतली. उत्तर प्रदेशातील बिजनोर आणि नंतर मध्यप्रदेशाचा सतना विभाग येथे त्यांनी काम केले आणि समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवीही मिळविली. उदयनगरात त्यांनी पायी पाडे धुंडाळले. लोकांना एकत्र बसविले. सरकारी योजना कोणत्या, बँकेचे कर्ज कसे मिळते, व्याज किती द्यावे लागते आणि आपला हक्क कोठे मागावा हे त्यांनी समजावून सांगितले. बचतीचे गट उभे राहिले. बँकेतून कर्ज मिळू लागले तशी सावकाराच्या दाराची वाट ओस पडू लागली. ओहाराबाईंच्या दवाखान्याने माणसाचा देह वाचविला. राणी मरियांच्या गटांनी त्याच्या हाती स्वतःच्या शेताचा हिशेब दिला. पहिल्या सेवेने कोणाचे नुकसान झाले नव्हते. या दुसऱ्या सेवेने काहींचे निश्चित झाले.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मरिया उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. नाचनबोर डोंगराजवळ एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यास सुरुवात केली, त्यांना बसमधून बाहेर ओढले आणि उतारूंच्या डोळ्यांदेखत ठार केले. शरीरावर चाळिसांहून अधिक जखमा होत्या. येशूचे नाव उच्चारीतच त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते.

ही बाई आदिवासींना बाटविते, असे मारेकऱ्याच्या मनात भरविण्यात आले होते. वस्तुतः ज्यांचे हितसंबंध दुखावले ते जमीनदार-सावकारांचे होते. येथे या साऱ्या वादाचे मर्म आहे. धर्मांतराचा आरोप काही वेळा खऱ्या वेदनेतून येतो; छप्पनच्या दुष्काळातील भिल्लांची वेदना तशी होती. पण काही वेळा तो दुसऱ्याच कारणासाठी पुढे केलेली ढाल असतो. व्याजाचा धंदा बुडतो म्हणून एका स्त्रीला मारा, असे उघडपणे सांगता येत नाही. धर्म बुडतो असे मात्र सांगता येते. म्हणून असा आरोप कानी आला म्हणजे दोन गोष्टी तपासाव्यात. सेवा घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती का, हे सेवा करणाऱ्याला विचारावे; आणि या सेवेमुळे तुमचे नेमके काय बुडाले, हे आरोप करणाऱ्याला विचारावे.

मारेकऱ्यास जन्मठेप झाली. पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. राणी मरियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातील. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीला मारणाऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. क्षमेसाठी त्यांनी लॅटिन विधीचा आधार घेतला नाही. या भूमीत बहीणभावाचे नाते ज्या धाग्याने बांधतात तोच धागा निवडला. तो माणूस २००६ मध्ये सुटला. नंतर तो केरळात जाऊन राणी मरियांच्या आईवडिलांना भेटला आणि त्या मातेने त्याचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे मोठ्या सोहळ्यात राणी मरिया यांना 'धन्यवादित' म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी प्राप्त झालेल्या म्हणून घोषित करण्यात आले. भारतीय ख्रिस्तसभेची पहिली महिला हुतात्मा असा त्यांचा गौरव होतो. त्यांची समाधी उदयनगरलाच आहे.

आता या दोन चरित्रांचा एकत्र विचार करावा. सव्वाशे वर्षांच्या सेवेचे फळ अनुयायांच्या संख्येने मोजावयाचे ठरविले, तर हिशेब अगदीच तोट्याचा दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सेवा हे धर्मांतराचे यंत्र असेल तर ते यंत्र अत्यंत निरुपयोगी ठरले, असेच म्हणावे लागेल. परंतु ज्यांनी ही सेवा केली त्यांतील उत्तम माणसांनी असा हिशेब मांडलाच नव्हता. ओहाराबाईंच्या पिढीने औषधाबरोबर उपदेश दिला. त्यात काळाच्या मर्यादा होत्या. राणी मरियांच्या पिढीने उपदेशाची जागा आचरणाला दिली. तरीही दोघींच्या कामात एक समान धागा आहे. समोरचा माणूस ख्रिस्ती झाला नाही, तरी त्याच्यासाठी झिजण्यात त्यांनी उणेपणा मानला नाही.

सेवा ही शुभवर्तमानाची साक्ष होते ती याच अर्थाने. साक्षीदार न्यायालयात आपल्याला दिसले तेवढे सांगतो. निकाल देणे त्याच्या हाती नसते आणि निकाल आपल्या बाजूने लागला नाही म्हणून तो साक्ष मागेही घेत नाही. धारेत महारोग्याची जखम पुन्हा पुन्हा धुणाऱ्या हातांनी आणि उदयनगरच्या पाड्यांवर कर्जाचे अर्ज भरणाऱ्या हातांनी अशी साक्ष दिली. ती ऐकून कोणी कोणता देव मानावा, हे त्या त्या माणसाच्या अंतःकरणावर सोपविलेले आहे. आणि तेथेच ते राहिले पाहिजे.